आर्डिसची डावी रायफल

आर्डिस क्वामी पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाली. डेन क्रीकच्या शाळेने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं, केक कापला, आणि ज्या बसच्या चाकामागे तिने एकतीस हिवाळे काढले त्या बसशेजारी उभं करून तिचा फोटो काढला. दुसऱ्याच सोमवारी ती गावातल्या कर्ट ब्येलंडच्या दुकानात गेली आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "मला रायफल मागवायचीय."

कर्ट लहानपणी बारा वर्षं तिच्याच बसमधून शाळेत गेलेला. आता त्याच्या दाढीत पांढरे केस आले होते, तरी तो तिला मिसेस क्वामीच म्हणायचा.

"कुणासाठी, मिसेस क्वामी? भाच्यासाठी?"

"माझ्यासाठी. डावी. बोल्ट डाव्या बाजूला असलेली."

कर्टने वही बंद करून यादीचं जाडजूड पुस्तक काढलं. "डाव्या फारशा बनत नाहीत. दोन महिने लागतील."

"मी त्रेपन्न वर्षं थांबलेय," आर्डिस म्हणाली. "दोन महिन्यांनी काय होतंय?"

हे त्रेपन्न वर्षांचं प्रकरण गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा विचार मात्र कुणी कधी केला नव्हता. आर्डिस जन्मजात डावखुरी. पहिलीतल्या बाईंनी पेन्सिल तिच्या उजव्या हातात खुपसली, म्हणून ती लिहायची तेवढी उजव्याने. बाकी कुऱ्हाड, चमचा, कात्री, सगळं डावं. बारा वर्षांची झाल्यावर वडिलांनी, म्हणजे आयनरने, तिला हरणाच्या शिकारीला नेलं आणि घरातली एकुलती एक रायफल हातात दिली. ती उजवी, बोल्टची मूठ उजव्या बाजूला असलेली. खांदा बदल म्हणून आयनरने दोन शनिवार तिच्याशी डोकं लावलं. पण तिचा नेम डाव्या डोळ्याचा. उजव्याने तिला कुंपणाचा खांबसुद्धा धड दिसायचा नाही. शेवटी ती दस्ता डाव्या खांद्यालाच लावायची. मग एक गोळी सुटली की पुढची भरायला रायफल खांद्यावरून उतरवायची, आडवी करायची, हात पलीकडे टाकून बोल्टची मूठ ओढायची, ढकलायची, परत खांद्याला लावायची. तोवर हरीण टेकडीपलीकडे.

तिचा थोरला भाऊ ऑरिन या खटाटोपाला 'आर्डीचं विणकाम' म्हणायचा. "थांबा रे," तो शिकारीच्या तळावर सगळ्यांसमोर म्हणायचा, "आर्डीचा मोजा पुरा होऊ दे, मग निघू."

आर्डिस हसायची. करणार काय? तिने आपल्यापुरता मार्ग काढला होता. दुसरी गोळी मिळणार नाही हे धरूनच चालायचं. जवळ जायचं, वारा बघायचा, पोटावर सरपटायचं, आणि खात्री झाल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. लग्नानंतर नवऱ्याची, वॉलेसची रायफल आली. तीही उजवी, वर दस्ता दोन इंच लांब. वॉलेस भला माणूस होता. दर हिवाळ्यात म्हणायचा, "पुढल्या साली तुला डावी घेऊ." मग छप्पर गळायचं, नाहीतर गवत बांधायचं यंत्र मोडायचं. सहा वर्षांपूर्वी वॉलेस गेला. तरी ती दर नोव्हेंबरला त्याचीच रायफल घेऊन निघायची आणि फ्रीझर भरून परतायची. ज्या वर्षी ती रिकाम्या हाताने आली ती वर्षं मोजायला एका हाताची बोटं पुरली असती.

रायफल सप्टेंबरअखेर आली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, खांद्याला सोसेल असा धक्का, आणि वर नवी दुर्बीण. दुर्बीण कर्टने स्वतः दुकानात बसवून दिली. आर्डिसने रायफल खांद्याला लावली. डावा हात चापावरून उचलला तर बोल्टची मूठ तिथेच होती, दोन बोटांवर. तिने बोल्ट उघडला, मिटला. पुन्हा उघडला, मिटला. कर्ट दुसऱ्या गिऱ्हाइकाला खिळे मोजून देत होता. त्याने मान वळवली तरी तिचं चालूच होतं.

"तेल संपेल, मिसेस क्वामी."

"तू खिळे मोज."

मोसम सुरू होण्याआधीचा दुसरा शनिवार म्हणजे आमच्याकडे रेंजवर अख्खं गाव. जुन्या खडीच्या खाणीत क्लबने आठ लाकडी बाकं मांडलीयत, समोर पंचवीस, शंभर आणि दोनशे यार्डांवर निशाणाचे कागद लावायच्या चौकटी, आणि मागे मातीचा उंच बांध. पत्र्याच्या खोलीत चर्चच्या बायका चिलीची, म्हणजे तिखट खिमा-राजम्याची, पातेली आणि दालचिनीचे रोल घेऊन बसतात. ज्याला त्याला आपली बंदूक मोसमाआधी जोखून घ्यायची असते, आणि त्याहून जास्त दुसऱ्याची बंदूक कशी चालते ते बघायचं असतं.

रेंजचा कारभार लाइल हाउगीकडे. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडा. झेंडा वर असताना कुणी बंदुकीला बोट जरी लावलं तरी तो त्याला घरी पाठवायचा. एकदा त्याने पाद्र्यालाही पाठवलं होतं.

आर्डिसला तिसरं बाक मिळालं. ऑरिन मागे खुर्ची टाकून बसला, मांडीवर कॉफीचा थर्मास. कर्टही आला होता; त्याने विकलेल्या पाच बंदुका त्या दिवशी तिथे होत्या आणि प्रत्येकीमागे तो बाळंतिणीच्या नवऱ्यासारखा येरझारा घालत होता.

आधी पंचवीस यार्ड. रायफलीखाली वाळूच्या पिशव्या सारख्या करून आर्डिसने तीन गोळ्या मारल्या. तिन्ही मधल्या वर्तुळात.

"झकास!" कर्ट म्हणाला. "आता शंभरावर."

शंभरावर घात झाला. पहिली गोळी मध्यापासून चार इंच वर. दुसरी खाली डावीकडे. तिसरी कागदाच्या पार उजव्या कडेला. तिने श्वास सोडला, नळी निवू दिली, आणखी तीन मारल्या. सहाही भोकं अशी विखुरली होती की कागदावर कुणीतरी मूठभर वाटाणे फेकलेत असं वाटावं.

झेंडा वर झाला. लोक कागद बघायला चालत गेले आणि आर्डिसच्या कागदापाशी जरा जास्तच वेळ थांबले.

"डोळे मिटतेस तू, आर्डी," ऑरिन म्हणाला. "गोळी सुटायच्या आधीच दचकतेस."

"मी दचकत नाही."

"वयाने होतं गं. त्यात लाज कसली? माझाही हात हल्ली..."

"तुझा हात तुझ्यापाशी ठेव."

बाजूच्या बाकावरचा एकजण हळूच म्हणाला की डावखुऱ्यांचं असंच असतं. दुसरा म्हणाला, इतक्या वर्षांची उलट्या बंदुकीची सवय, आता सुलट झेपायची नाही. कोणी वाईट मनाने बोलत नव्हतं, आणि तेच आर्डिसला जास्त लागलं. उणं चाळीसच्या थंडीत, बर्फाने दिसेनाशा झालेल्या खडीच्या रस्त्यावरून तिने यांची पोरं एकतीस वर्षं शाळेत पोचवली होती आणि एकदाही बस चरात घातली नव्हती. आपण दचकतो की नाही एवढं तिला कळत होतं. पण कागदावर ते सहा वाटाणे होते आणि त्यांच्यापुढे तोंडाने काय सांगणार?

ती सरळ लाइलकडे गेली. "लाइल, माझी परीक्षा घे."

"कसली?"

"ती नवशिक्यांची घेतोस ती. दचकण्याची."

लाइलने तिच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. त्या परीक्षेचा प्रकार साधा आहे. बंदूक दुसरा माणूस भरतो. कधी खरं काडतूस घालतो, कधी घालतच नाही. नेमबाजाला पत्ता नसतो. आत काडतूस नसेल तर चाप ओढल्यावर नुसती टिक होते. माणूस दचकणारा असेल तर त्या टिकेलाच नळी टुणकन खाली झुकते आणि चारचौघांत त्याचं पितळ उघडं पडतं. म्हणूनच मोठी माणसं ही परीक्षा स्वतःहून मागत नाहीत.

"सगळ्यांसमोर?" लाइलने विचारलं.

"सगळ्यांसमोरच."

झेंडा खाली आला. बाकीच्या बाकांवरच्या बंदुका गप्प झाल्या, कारण जो तो इकडेच बघत होता. आर्डिसने तोंड फिरवलं, लाइलने बोल्ट उघडून आपल्या अंगाआड काय ते केलं, बोल्ट मिटला आणि म्हणाला, "घे."

ती बसली. दुर्बिणीतली फुली कागदाच्या मध्यावर आली. अर्धा श्वास सोडला. चाप ओढला.

टिक.

नळी हलली नाही.

पुन्हा. धाडकन आवाज झाला, खांद्याला धक्का बसला. पुन्हा, टिक. पुन्हा, टिक. मग धाड. मग टिक. ऑरिन खुर्चीवरून उठून तिच्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला होता आणि वाकून नळीच्या टोकाकडे टक लावून बघत होता. सहाव्या वेळीही ते टोक वाळूच्या पिशवीत शिसं ओतून बसवल्यासारखं जागच्या जागी होतं.

"हिच्यात खोट नाही," लाइल म्हणाला. मग आवाज चढवून पुन्हा म्हणाला, लांबच्या बाकांना ऐकू जावं म्हणून, "हिच्यात काही खोट नाही!"

"मग बंदुकीत आहे," ऑरिन म्हणाला. आता त्याला बाजू बदलायची घाई झाली होती. "कर्ट, काय गळ्यात मारलंस माझ्या बहिणीच्या?"

"रायफल उत्तम आहे," कर्ट लाल होऊन म्हणाला. "कारखान्याने मारून बघितलेला कागद आहे खोक्यात. दाखवू?"

दोघं वाद घालत राहिले. आर्डिसला आपली बस आठवली. ती बस चालवायची त्या दिवसांत रोज पहाटे, इंजिन गरम होईपर्यंत, ती गाडीभोवती एक फेरी मारायची आणि प्रत्येक नट, प्रत्येक दिवा, प्रत्येक कडी हाताने चाचपायची. नुसतं बघून चालायचं नाही, हात लावावा लागायचा. एका जानेवारीत तिला दोन दिवस वाटत राहिलं की मागचा रस्ता थरथरतोय. रस्ता कुठला थरथरणार? आरशाची कडी ढिली झाली होती. आरसा हलला की सगळं जग हलतं.

झेंडा वर गेल्यावर लाइलची परवानगी घेऊन तिने रिकामी रायफल मागच्या टेबलावर नेली. डाव्या हाताचं बोट तिने दुर्बिणीखालची लोखंडी पट्टी आणि रायफल जिथे मिळतात त्या सांध्यावर आडवं ठेवलं. उजव्या हाताने दुर्बीण धरून हळूच रेटली. डोळ्याला काही दिसलं नाही. पण बोटाला कळलं. पडायला आलेल्या दातासारखी एक बारीकशी हालचाल.

"कर्ट," ती म्हणाली. "इकडे ये. इथे बोट ठेव."

कर्टने ठेवलं. तिने पुन्हा रेटलं. कर्टचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग कानापर्यंत तांबडा.

"खालचे स्क्रू," तो पुटपुटला. "पट्टीचे. त्यांना कारखान्याचं तेल होतं, ते पुसून गोंद लावून आवळायचं होतं मला. पहिले दोन केले आणि फोन वाजला. मग वरच्या कड्या बसवल्या त्या थेट... मिसेस क्वामी, मी मागचे दोन विसरलो."

"पेचकस आणलायस?"

"गाडीत आहे."

"मग आण की. उभा काय राहिलास?"

कर्ट दोन पावलं गेला, थांबला आणि परत वळला. तोंडाशी हात धरून तो ओरडला, "ऐका सगळे! दुर्बीण मी ढिली बसवली होती! चूक माझी होती, मिसेस क्वामींची नाही!" मग तो गाडीकडे जवळजवळ पळतच गेला. बारा वर्षांचा असताना बसची काच फोडल्यावरही तो असाच स्वतःहून पुढे आला होता, हे आर्डिसला आठवलं आणि तिचा उरलासुरला राग गेला.

दुर्बीण उतरवली, स्क्रू काढले, आटे पुसून कोरडे केले, गोंदाचा थेंब लावून आवळले. चारही स्क्रू आर्डिसने स्वतः आवळले. कर्ट फक्त पेचकसाची पाती हातात देत होता. गोंद धरेपर्यंत थांबणं भाग होतं, म्हणून ती पत्र्याच्या खोलीत जाऊन बसली. थोड्या वेळाने ऑरिन चिलीचे दोन वाडगे आणि एक रोल घेऊन आला. रोल त्याने तिच्यापुढे सरकवला.

"तुझा कुठाय?" तिने विचारलं.

"हा शेवटचा होता."

ऑरिनच्या तोंडून माफी निघणं शक्य नव्हतं हे तिला माहीत होतं. तिने रोल अर्धा तोडला, मोठा अर्धा स्वतःकडे ठेवला.

दुपारी वारा पडला. पंचवीसवर एक गोळी मारून ती थेट शंभरावर गेली. तीन गोळ्या. लांबचे कागद बघायच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहून लाइलने सांगितलं, "तिन्ही एकत्र! चार इंच खाली, दोन उजवीकडे."

एकत्र म्हटल्यावर पुढचं सोपं होतं. तिला मध्याच्या दोन इंच वर मार हवा होता, म्हणजे गोळी अंतराबरोबर खाली येत गेली तरी लांबच्या हरणाला फार हिशोब लागत नाही. दुर्बिणीचा एक खटका म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. तिने वरच्या टोपणाखालची चकती फिरवली, ओठांनी मोजत चोवीस खटके. मग बाजूची, आठ. टोपणं लावली आणि दस्त्याला गाल टेकवला.

पहिली गोळी सुटली. धक्का बसला आणि तिने गाल न उचलता डाव्या हाताने बोल्ट उचलला, मागे घेतला, पुढे ढकलला. रिकामं काडतूस टणकन बाकावरून खाली गेलं. फुली अजून कागदावरच होती. आर्डिस क्षणभर तशीच राहिली. आजवर गोळी मारल्यावर तिला पुढचं दिसायचं ते स्वतःचं कोपर आणि आडवं लाकूड. आज पहिल्यांदा, हात काम करत असताना, डोळा निशाणावर होता. सगळ्यांना हे असंच दिसतं? इतकी वर्षं हे लोक असं मारत होते?

दुसरी. तिसरी. मध्ये दोन श्वासांचं अंतर.

झेंडा वर झाल्यावर जवळजवळ सगळेच तिच्या कागदाकडे चालत गेले. मध्याच्या बरोबर दोन इंच वर तीन भोकं एकमेकांना चिकटून तीन पानांसारखी बसली होती. लाइलने खिशातून पितळी मापकाटा काढला, दोनदा लावून पाहिला. "पाऊण इंच," तो म्हणाला. "आज सकाळपासूनचा सगळ्यात छोटा पुंजका." त्याने कागदावर तारीख आणि पूर्ण नाव लिहिलं, चौकटीवरून काढला आणि तिला न विचारताच खोलीतल्या फळ्यावर लावायला घेऊन गेला. सकाळी वयाबद्दल, सवयीबद्दल बोलणारे दोघं तिथेच होते; त्यांनी टोप्या काढल्या नाहीत, पण मान मात्र डोलावली.

"मला दे बरं एकदा," ऑरिन म्हणाला.

नवा कागद लागला, झेंडा खाली आला, आणि तो बाकावर बसला, रायफल उजव्या खांद्याला लावली, गोळी मारली. बरी बसली. मग त्याचा उजवा हात सवयीने बोल्टकडे गेला आणि हवेत चाचपडला. मूठ पलीकडे होती. त्याने हात नळीवरून टाकला, दुर्बीण आडवी आली. खालून घातला, पोहोचेना. शेवटी रायफल खांद्यावरून उतरवून, आडवी करून, जीभ दाताखाली धरून त्याने मूठ ओढली.

"ऑरिन!" लाइल मागून म्हणाला. "मोजा पुरा झाला का रे?"

अख्खी रेंज हसली. पत्र्याच्या खोलीतल्या बायकासुद्धा दारात आल्या. ऑरिनही हसला, पण मग थांबला. रिकामी रायफल बोल्ट उघडा ठेवून त्याने पिशव्यांवर ठेवली आणि बहिणीकडे बघितलं.

"तू हे असं करत होतीस? सारखं?"

"हो."

"पन्नास वर्षं?"

"त्रेपन्न."

"आणि तरी तुझा फ्रीझर माझ्याआधी भरायचा," तो म्हणाला. हे तिला सांगत होता की स्वतःला, कळलं नाही. मग त्याने तिची रिकामी काडतुसं वेचून खोक्यात भरली, एकेक करून, तोंड खालच्या बाजूला.

मोसमाच्या तिसऱ्या दिवशी दोघं उत्तरेकडच्या घळींत गेले. कोवळं ऊन, गुडघ्याएवढं सेजचं झुडूप, वारा आडवा. दोनशे दहा यार्डांवर एक थोराड नर उतारावर चरत होता. आर्डिस आडवी झाली, पाठीवरच्या पिशवीवर नळी टेकवली आणि चाप ओढला, आणि त्याच क्षणी नराने एक पाऊल पुढे टाकलं. गोळी त्याच्या मागे मातीत गेली. नर उधळला. ऑरिन हळूच म्हणाला, "गेला."

पण आमच्याकडचे मोठ्या कानांचे हे नर पळताना एक वेडेपणा करतात. कड्यावर पोचले की थांबतात आणि वळून बघतात. हा वेडेपणा आर्डिसला बारा वर्षांची असल्यापासून ठाऊक होता. फक्त नर थांबायचा तेव्हा तिचा हात कायम पलीकडे मूठ शोधत असायचा. या वेळी बोल्ट कधीच मिटला होता आणि तिचा डोळा कड्यावर वाट बघत होता. नर थांबला, वळला. दुसऱ्या गोळीला तो जागच्या जागी कोसळला.

ऑरिनला त्या साली पहिल्या आठवड्यात काहीच मिळालं नाही. त्याचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही. नर मारला त्याच दिवशी दुपारी डेन क्रीकच्या कॅफेत गरम कॉफीचा पेला हातात धरून तो उभ्यानेच चार टेबलांना ऐकवत होता: वारा असा, उतार तसा, आणि माझी बहीण तिथे आडवी, आणि तीनशे यार्डांवर, एका गोळीत!

आर्डिस कोपऱ्यात बसून ॲपल पाय खात होती. तिने काटा खाली ठेवला.

"दोनशे दहा," ती म्हणाली. "आणि पहिली चुकली, ऑरिन. तेही सांग. मी दुसरीने मारला."

दुसरी म्हणताना तिचा आवाज जरा चढला, आणि तिने तो उतरवला नाही.